कचऱ्याच्या डब्यातली अळी आणि कोंबडीच्या खाद्याचा हिशेब

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायला घेतलं की पहिल्या पावसाळ्यात एक सकाळ अशी येतेच. डब्याचं झाकण उघडावं, तर आत बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्यांची नुसती वळवळ. आदल्या रात्री टाकलेल्या पपईच्या साली गायब. कान जवळ नेला तर बारीक चरचर ऐकू येते, तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडवावेत तशी. वर हात धरला तर ऊबही लागते. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो. कुणी फिनाईल सुचवतं, कुणी हळद-मीठ, आणि एखादे काका ‘तरी मी सांगत होतो’ म्हणून घेतात. मी स्वतः पहिल्या वर्षी त्या अळ्यांवर उकळतं पाणी ओतलं होतं. अळ्या मेल्या. त्यानंतर आठवडाभर बाल्कनीत जो वास सुटला, तो त्या जिवंत असताना एक दिवसही आला नव्हता.

मी ज्यांना असं भाजून मारलं, त्याच जातीच्या अळ्या नेदरलँड्समध्ये बर्गन ऑप झूम या गावी कारखान्यात वाढवतात. प्रोटिक्स नावाच्या कंपनीचा तो कारखाना, आणि २०१९ साली त्याचं उद्घाटन खुद्द तिथल्या राजाने केलं. तिथून निघालेली अळ्यांची पूड मासे, कोंबड्या आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जाते. या किड्याचं नाव ब्लॅक सोल्जर फ्लाय. या धंद्यातली माणसं नुसतं ‘बीएसएफ’ म्हणतात. आपल्याकडे बीएसएफ म्हटलं की डोळ्यांपुढे सीमेवरचे जवान उभे राहतात, तेव्हा आपण तिला सोल्जर माशी म्हणू.

माशी म्हणावी अशी ती दिसत नाही. लांबुडकी, काळी, बरीचशी कुंभारीण माशीसारखी, त्यामुळे लोक डंखाला घाबरतात. पण तिला नांगी नाही, चावायला तोंडही नाही. मोठी झाल्यावर ती जवळजवळ काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दीड आठवडा जगायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचं, एवढाच तिचा कार्यक्रम. घरमाशी आधी घाणीवर बसते आणि मग तुमच्या भातावर, म्हणून ती रोग पसरवते. सोल्जर माशीला तुमच्या भाताशी देणंघेणं नाही. शिवाय जिथे तिच्या अळ्या दाटीने असतात, तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते.

मादी एका वेळी ४०० ते ८०० अंडी घालते, तीही थेट घाणीत नाही, तर घाणीच्या जवळ एखाद्या कोरड्या फटीत. साधारण चार दिवसांत अंडी फुटतात आणि मिलिमीटरभराच्या अळ्या खाली अन्नात पडतात. पुढचे दोन-तीन आठवडे त्या खात सुटतात. शेवटी अळी काळपट, कडक होते, खाणं थांबवते आणि ओलाव्यापासून लांब, कोरड्या अंधाऱ्या जागेकडे चालू लागते. कोषात जायची ही तयारी. हे चालू लागणं लक्षात ठेवा, कारण या सगळ्या उद्योगाची सुरुवात तिथून झाली.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला क्रेग शेपर्ड नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांखाली विष्ठेचे ढीग साचतात, त्यात या अळ्या आपोआप होतात आणि ढीग कमी करतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी पिंजऱ्याखाली हौद केला आणि त्याच्या एका भिंतीला उतार दिला. तयार झालेली अळी उतार चढून वर येणार आणि पलीकडच्या भांड्यात पडणार. कापणी नाही, मजूर नाही, पीक आपल्या पायांनी कोठारात येतं! (अळीला धड पाय नसतात, पण म्हणायची पद्धत.) शेपर्ड यांनी ही पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली. सुकवलेल्या अळ्या कोंबड्यांना आणि डुकरांना चालतात हे तर १९७० च्या दशकातच तपासून झालं होतं.

मग इतकी वर्षं कारखाने का निघाले नाहीत? माशी पिंजऱ्यात जोडी जमवेना म्हणून. तिला भरपूर उजेड लागतो, साध्या ट्यूबलाइटखाली ती ढिम्म बसते. काचघरात, उन्हात, वर्षभर पिढ्यामागून पिढ्या काढायची रीत शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली. त्यानंतर अंडी हुकमी मिळू लागली आणि धंद्याला तोंड फुटलं.

आता कोंबडीवाल्याच्या बाजूने बघू. कुक्कुटपालनात खर्चाचा ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो. मका ऊर्जेसाठी, सोयापेंड प्रथिनांसाठी, आणि कुठे कुठे जोडीला मासळीची कुटी, म्हणजे फिशमील. यातलं प्रथिन हे दुखरं ठिकाण आहे. २०२१ मध्ये सोयापेंडीचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेला. पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. मराठवाडा-विदर्भातला सोयाबीन उत्पादक त्यावर भडकला आणि त्याचंही चुकलं नव्हतं, कारण माल निघायच्या तोंडावर भाव पाडण्याचाच तो उद्योग होता.

फिशमीलचं दुखणं आणखी लांबचं. जगात वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास फिशमील होतं आणि त्यातला मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा या इवल्याशा माशाचा. समुद्र तापला की हा मासा खोल जातो किंवा पांगतो. २०२३ मध्ये एल निनोमुळे पेरूने वर्षाचा पहिला मासेमारी हंगामच रद्द केला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. पेरूजवळचं पाणी दोन-चार अंशांनी तापलं, की कोळंबीच्या खाद्याचा भाव आपल्याकडच्या तळ्यावरही हलतो.

या दोघांना पर्याय म्हणून अळी पुढे आली. सुकवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. चरबी पिळून काढली की उरलेल्या पेंडीत प्रथिनांचं प्रमाण ५५-६० टक्क्यांवर जातं, म्हणजे सोयापेंडीच्या वर आणि चांगल्या फिशमीलच्या थोडं खाली. तिच्या कातडीत कॅल्शियम भरपूर, जे अंड्याच्या कवचाला हवंच असतं. चरबीत मोठा वाटा लॉरिक आम्लाचा, जे आपल्याला खोबरेल तेलातून ओळखीचं आहे. उणिवाही आहेत. समुद्री माशांना जे ओमेगा-३ लागतं, ते या अळीत नाहीच म्हटलं तरी चालेल. म्हणून माशांच्या खाद्यातून फिशमील काढून सगळी अळीच घातली, असं करून भागत नाही.

एवढं प्रथिन ती स्वस्तात कसं करते? अळी थंड रक्ताची, त्यामुळे गाय किंवा कोंबडी शरीर ३८-४२ अंशांवर ठेवायला जी ऊर्जा जाळते, ती तिची वाचते. हाडं नाहीत, पिसं नाहीत, डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळंच खाद्य. जागाही कमी लागते, कारण क्रेट एकावर एक रचता येतात.

कामाची रीत साधारण अशी. लाकडी पट्ट्या बारीक फटी ठेवून एकमेकींवर बांधतात आणि माश्यांच्या जाळीत ठेवतात. शेजारी आंबलेल्या कचऱ्याचं भांडं असतं. माद्या वासाने येतात आणि फटींत अंडी घालतात. एक ग्रॅम अंड्यांत जवळजवळ ४० हजार जीव असतात. ती साखरेच्या तराजूवर नाही, सोनाराच्या काट्यावर मोजायची वस्तू आहे. पिल्लांना पाच दिवस बारीक दळलेलं चांगलं खाद्य देऊन जरा धट्टंकट्टं करतात. मग १० हजार अळ्यांना एका क्रेटमध्ये सोडायचं आणि बारा दिवसांत मिळून १५ किलो ओला कचरा घालायचा. हे प्रमाण स्वित्झर्लंडच्या एआवाग या संशोधन संस्थेने इंडोनेशियात काम करताना बसवलं आणि लहान प्रकल्प बहुधा तिथूनच सुरुवात करतात.

कचरा दळून, साधारण थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल ठेवावा लागतो. फार पातळ झाला तर अळ्या गुदमरून वर येतात, कोरडा झाला तर खात नाहीत. आणि त्यांची स्वतःची ऊब सांभाळावी लागते. हजारो अळ्या एकत्र खाऊ लागल्या की क्रेटचं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं आणि मग त्या क्रेटमधून पळ काढतात. सकाळी शेडचं दार उघडल्यावर भिंतीवर अळ्या चढलेल्या दिसणं म्हणजे आदल्या दिवशी खाद्य जास्त पडलं किंवा हवा कमी पडली.

बाराव्या दिवशी चाळायचं. खाली अळ्यांची विष्ठा आणि उरलासुरला कचरा, त्याचं पुढे कुजवून खत होतं. वर अळ्या. त्या उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवून मारतात, सुकवतात, घाण्यासारख्या यंत्रात तेल काढतात. ऐकायला सोपं वाटतं, पण जिवंत अळीत ६५-७० टक्के पाणी असतं आणि ते उडवायला इंधन लागतं. पर्यावरणपूरक म्हणून मिरवणाऱ्या या मालाचं खरं बिल इथे फाटतं.

आता आकडेमोड, कारण त्याशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे हवेत गोळीबार. एक टन चांगला ओला कचरा दिला, सगळं नीट जमलं, तर २०० किलोच्या आसपास जिवंत अळ्या निघतात. सुकवल्या की राहिल्या ६०-७० किलो. त्यात निव्वळ प्रथिन २५ किलोच्या आसपास. दुसरीकडे १० हजार लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या, कोंबड्यांची शेड धरा. एक कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते, म्हणजे शेडला रोज अकराशे किलो खाद्य लागलं. त्यात अवघी पाच टक्के अळी मिसळायची म्हटली तरी रोज ५५ किलो सुकी अळी हवी. म्हणजे रोज, रविवारी आणि दिवाळीच्या पाडव्यालाही, सुमारे एक टन वेगळा केलेला, प्लॅस्टिक नसलेला कचरा शेडवर पोचला पाहिजे. एका मध्यम शेडला, फक्त पाच टक्क्यांसाठी.

हा हिशेब मांडला की माझ्या मते सगळा प्रश्न एकाच जागी येऊन थांबतो: अळीला खायला काय घालणार?

युरोपने याचं उत्तर कायद्याने देऊन टाकलं आहे. मॅड काऊ रोगाने तिथे हाहाकार केला होता. मेलेल्या जनावरांची हाडं-मांस दळून गाईंना घातल्याने तो रोग पसरला, म्हणून २००१ मध्ये पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांवर कडक बंदी आली. किडे त्याच बंदीत सापडले. २०१७ मध्ये माशांच्या खाद्यासाठी सात जातींच्या किड्यांना सूट मिळाली, २०२१ मध्ये कोंबड्या आणि डुकरांसाठीही. गाई-म्हशींसाठी मात्र आजही मनाई आहे. पण या सवलतीबरोबर एक अट आली. कायद्याच्या नजरेत अळी हे पाळीव जनावर, तेव्हा जे गाई-डुकरांना घालायला बंदी ते अळीलाही बंद. म्हणजे हॉटेलचं खरकटं नाही, शेण नाही, कोंबडीची विष्ठा नाही.

मग उरलं काय? गव्हाचा कोंडा, बिअर कारखान्यातला उरलेला चोथा, बटाट्याच्या साली. आणि हे सगळं तर डुकरं आणि गाई थेट खातात! जे खाद्य जनावराला सरळ घालता येतं, ते आधी अळीला घालायचं, शेड गरम ठेवायची, वीज जाळून अळी सुकवायची आणि मग तीच जनावराला द्यायची, म्हणजे मध्ये एक दलाल बसवला. दलाल आपली दलाली घेतोच. ब्रिटन सरकारच्या पर्यावरण खात्याने करवून घेतलेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं: अशा पद्धतीने केलेल्या अळीच्या प्रथिनाचा हवामानावरचा बोजा सोयापेंडीहून जास्त निघाला. जाहिरातीत मात्र अजून हिरवं पानच असतं.

पैशाचं गणितही तिथेच फसलं. युरोपात अळीची पूड फिशमीलपेक्षा महाग पडते, सोयापेंडीचं तर नावच नको. म्हणून तिथला बराचसा माल कोंबडीपर्यंत पोचतच नाही. तो पाळीव कुत्र्या-मांजरांच्या महागड्या खाद्यात जातो, जिथे मालक भाव विचारत नाही. फ्रान्सच्या इन्सेक्ट या कंपनीने ‘मीलवर्म’ नावाच्या भुंग्याच्या अळ्यांसाठी अमियाँ शहराजवळ प्रचंड कारखाना बांधला, गुंतवणूकदारांकडून कोट्यवधी युरो उभे केले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिला देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. त्यानंतरही ती सावरली नाही. चूक अळीची नव्हती. धान्याच्या कोंड्यावर, थंड देशात, एवढ्या मोठ्या आकारात हे पेलेल असं धरून चालणाऱ्यांची होती.

उलटं उदाहरण नैरोबीचं. तिथल्या झोपडवस्त्यांत संडास बसवणाऱ्या सॅनर्जी या संस्थेने मैला आणि शहरातला ओला कचरा गोळा करून त्यावर सोल्जर माशीच्या अळ्या वाढवल्या आणि पशुखाद्य, खत बनवलं. इथे अळी कुणाच्या ताटातलं पळवत नाही. उलट जी घाण उचलायला एरवी पैसे मोजावे लागतात, ती खाते. कचरा उचलण्याचे पैसे एका बाजूने, अळीचे दुसऱ्या बाजूने, खताचे तिसऱ्या. तीन खिशांतून थोडं थोडं आलं तर धंदा उभा राहतो, एकट्या प्रथिनावर तो राहत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडे बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इथे बारा दिवसांत फिटतो, फक्त उकिरडा खरा असावा लागतो.

अर्थात, घाणीवर वाढलेली अळी कोंबडीला, आणि ती कोंबडी आपल्याला, ही साखळी ऐकून पोटात गोळा येणं साहजिक आहे, आणि भीती सगळीच खोटीही नाही. अळ्या शेण-विष्ठेतले साल्मोनेलासारखे जंतू बऱ्याच प्रमाणात कमी करतात, पण संपवत नाहीत, म्हणून घाणीवर वाढलेल्या अळ्यांसाठी उकळत्या पाण्याची पायरी चुकवून चालत नाही. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन, जे भिजलेल्या मक्यात आणि शेंगदाण्यात होतं, ते अळीच्या अंगात साठत नाही, ही जमेची बाजू. जड धातूंचं उलटं, विशेषतः कॅडमियम. ते कचऱ्यात असेल तर अळीत आणखी दाट होतं. त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्याचा गाळ किंवा बॅटऱ्या, रंगाचे डबे मिसळलेला महापालिकेचा मिश्र कचरा यावर अळी वाढवू नये. ज्या गावात ओला-सुका अजून एकाच गाडीत पडतो, तिथे हा विषय काढण्यात अर्थ नाही.

आपल्या हवेचा विचार केला तर पारडं आपल्या बाजूला झुकतं. अळीला २५ ते ३० अंश मानवतात, जे पुण्या-कोकणात वर्षातले बरेच महिने फुकट मिळतात. सुकवायला ऊन आहे. विदर्भातला मे महिना मात्र तिलाही झेपणार नाही. कचऱ्याच्या बाबतीत एक गैरसमज दिसतो. मार्केट यार्डातला भाजीपाला म्हणजे अळ्यांची मेजवानी, असं नवा माणूस धरून चालतो. कोबीच्या पाल्यात नव्वद टक्के पाणी. टनभर पाला म्हणजे खरं अन्न शंभरेक किलो, आणि त्यातही प्रथिन कमी. त्यावर अळ्या जगतात, पण भरत नाहीत. वर काढलेला टनामागे २०० किलोंचा हिशेब अशा पाल्यावर लागू पडत नाही. त्यात हॉटेलचं शिळं, भाताचा कोंडा, डाळ मिलची चुरी, असं काही कोरडं आणि कसदार मिसळावं लागतं. उसाचं चिपाड तर सोडाच, ते या अळीला पचत नाही.

आणि किडा जनावराला घालणं यात आपल्याला नवं काही नाही. रेशमाचे कोष उकळून धागा काढला की आत मेलेला किडा उरतो. प्रथिन आणि तेल दोन्ही भरपूर, वास मात्र असा की शेजारच्या गल्लीतही कळावं. बीड-जालन्याकडे शेतकऱ्यांनी तुतीखाली जमीन आणली, पण धागा काढण्याचा मोठा कारभार कर्नाटकात, म्हणून हा माल तिकडे जास्त निघतो आणि मासे-कोंबड्यांच्या खाद्यात जातो. युरोपने २०२१ मध्ये आपल्या यादीत आठवी जात घातली ती हीच, रेशमाची. आणि गावाकडची कोंबडी? दिवसभर उकिरडा उकरून ती काय शोधते असं वाटतं तुम्हाला? पॅकबंद अंड्यांवर कोंबड्यांना ‘शुद्ध शाकाहारी आहार’ दिल्याची शेखी मिरवलेली दिसते, तेव्हा मला त्या कोंबडीची कीव येते.

घरच्या दहा-वीस कोंबड्यांसाठी हे करायला कारखाना लागत नाही. झाकणाचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला पाणी झिरपायला भोकं, आत एका बाजूला साधारण ३५-४० अंशांत तिरपी लावलेली फळी, आणि फळीच्या टोकाखाली बाहेर टांगलेली बादली. माश्या आपोआप येतात, अंडी विकत घ्यावी लागत नाहीत. वरून पुठ्ठ्याचा पन्हाळीदार तुकडा अडकवला की अंडी त्याच्या भोकांत घालतात. सुकवायचं नाही, दळायचं नाही, बादली थेट कोंबड्यांपुढे उपडी करायची. वर म्हटलं ते इंधनाचं बिल इथे शून्य. शेपर्ड यांची मूळ कल्पना हीच होती, आणि इतक्या कारखान्यांनंतरही मला तीच सगळ्यात पटते.

माझ्याकडे बाल्कनी आहे, कोंबड्या नाहीत. उकळत्या पाण्याच्या प्रकरणानंतर मी डब्याला आतून एक फळीचा तुकडा तिरपा लावला आणि बाहेर श्रीखंडाचा रिकामा डबा टांगला. पावसाळ्यात रोज सकाळी त्यात पंधरा-वीस काळ्या अळ्या पडलेल्या असतात. त्या मी कठड्यावरच्या ताटलीत ओततो. पहिल्या दिवशी एक साळुंकी आली, चौथ्या दिवशी तिने जोडीदार आणला. आता सात वाजून गेले आणि ताटली रिकामी असली, की दोघं मिळून एवढा कलकलाट करतात की शेजारच्या काकू विचारतात, ‘आज उठला नाहीत का?’